अमेरिकावाल्यांचा पक्ष आणि ओपनची जागा

पक्षाचं कार्यालय यवतला महामार्गाच्या कडेला एका गाळ्यात होतं. त्या गाळ्यात आधी टायरचं दुकान होतं, आता पुन्हा टायरचंच दुकान आहे. मधल्या काळात तिथे एक पक्ष स्थापन झाला, वाढला आणि संपला. उसाचा एक हंगाम उलटून दुसरा निम्म्यावर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पक्षाला रीतसर, लांबलचक नाव होतं. पण शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत लोक त्याला ‘अमेरिकावाल्यांचा पक्ष’च म्हणत.

मी एका दैनिकाचा तालुका बातमीदार. स्थापनेची बातमी मी दिली आणि विलीनीकरणाचीही मीच दिली. दोन्ही एक कॉलमी होत्या. मधलं बरंचसं बातमीत बसलं नाही, कारण त्यात माझी थोरली वहिनी होती. घरातलं माणूस आहे, हे मी दैनिकाच्या कार्यालयाला आधीच कळवलं होतं. संपादक म्हणाले, “विशेषणं काढून पाठव.” तशी पाठवली.

वहिनी पाच वर्षं आमच्या गावची सरपंच होती. गाव यवत आणि पाटसच्या मध्ये, महामार्गापासून थोडं आत. सरपंचपद महिलांसाठी राखीव होतं म्हणून तिला उभं केलं होतं. निवडून आल्यावर मात्र खुर्चीत तीच बसली, सह्याही तिनंच वाचून केल्या. माझा भाऊ ग्रामपंचायतीत फक्त पाणीपट्टी भरायला जायचा. आजूबाजूच्या गावांत हे नवलाचं होतं.

नंतर लांबलेल्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकांची चाहूल लागली आणि आरक्षणाची सोडत निघाली. आमचा गट सर्वसाधारण झाला. बोलीभाषेत सांगायचं तर जागा ओपन पडली. त्या दिवशी आमच्या ओट्यावर चहाला चार माणसं होती. त्यातले एक जण मोठ्या समाधानानं म्हणाले, “चला, वहिनींना आता सुट्टी. ओपन पडली.”

वहिनीनं कप गोळा करता करता विचारलं, “ओपन म्हंजी कुणासाठी?”

“सगळ्यांसाठी.”

“मग सगळ्यांत मी न्हाई व्हय?”

सगळे हसले. वहिनी हसली नाही. तिनं ते मनावर घेतलं होतं हे मला पुढच्या महिन्यात कळलं, तेव्हा ती तीन मोठ्या पक्षांच्या तालुकाध्यक्षांना भेटून आली होती. तिघांनी चहा पाजला, कामाची स्तुती केली आणि एकच वाक्य सांगितलं: पुढच्या वेळी महिला पडली की तुमचंच नाव. वहिनीला पुढची वेळ नको होती. ओपन जागेच्या मतदानयंत्रावर स्वतःचं नाव, एवढीच तिची मागणी होती. निवडून येणं न येणं नंतरचं, असं ती स्पष्ट म्हणायची. नाव लागतं की नाही, हा तिच्यासाठी त्या वर्षातला एकमेव प्रश्न होता.

अमेरिकावाले साहेब त्याच सुमारास यवतला आले. ते मूळचे भीमेच्या पलीकडचे, शिरूर तालुक्यातल्या एका गावचे. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करून बरीच वर्षं अमेरिकेत काढली, मग आईवडील थकले म्हणून परत आले. वय पन्नाशीचं, पायात पांढरे बूट, पाण्याची बाटली स्वतःची. रांजणगावच्या कारखान्यांतली कंत्राटी पोरं त्यांच्याभोवती आधी जमली. त्यांना कायम होण्याची आशा उरली नव्हती आणि जुन्या पुढाऱ्यांकडे जाण्याची इच्छाही.

गाळ्यातल्या पहिल्या बैठकीत साहेबांनी अमेरिकेतल्या एका पक्षाची गोष्ट सांगितली. तिथल्या दोन मोठ्या पक्षांना कंटाळलेल्या लोकांनी तो काढला होता. साहेब नोकरीवरून सुटले की बर्फात दारोदार फिरून त्याची पत्रकं वाटायचे. पक्षाची खासियत एकच. उमेदवार नेत्यानं ठरवायचा नाही, सभासदांनी मत देऊन निवडायचा. गावपातळीच्या काही जागा त्यांनी जिंकल्याही. मग मोठी निवडणूक आली. नेते आपसांत भांडले, निम्मे एका मोठ्या पक्षात गेले, निम्मे दुसऱ्या. पक्ष संपला. त्याचं नाव आता तिथेही कुणाला आठवत नाही, असं साहेब म्हणाले.

“तो पक्ष वरून मेला,” ते सांगत होते. “आपण खालून बांधू. आधी घरात निवडणूक, मग बाहेर.”

मागच्या खुर्च्यांवरून वहिनीनं विचारलं, “साहेब, त्या लोकांचं काय झालं?”

“कोणत्या?”

“ज्यांनी मतं देऊन उमेदवार निवडला हुता, त्यांचं.”

साहेबांनी थोडा विचार केला. “ते घरी गेले,” ते म्हणाले.

वहिनीनं त्याच दिवशी सभासद म्हणून नाव दिलं.

सभासद नोंदणी जोरात झाली. गावंच्या गावं नोंदली गेली. साहेबांना ती लाट वाटली. आमच्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणायची पद्धत नाही. नाव घालू का, असं विचारलं की घाला म्हणतात, वर चहाही देतात. आदल्या महिन्यात दुसऱ्या पक्षाची माणसं येऊन गेलेली असतात, त्यांनाही घाला म्हटलेलं असतं. आमच्याच घरातून माझा भाऊ तेव्हा तीन पक्षांचा सभासद होता आणि एकाचंही नाव त्याला नीट सांगता आलं नसतं. अमेरिकेत नाव देणारा मत देतो, असं साहेब म्हणत. मी त्यांना इथली रीत एकदा सांगितली. ते म्हणाले, “लोक बदलतायत.”

आमच्या गटातली घरची निवडणूक आमच्याच गावच्या शाळेत ठरली. इच्छुक दोन. एक वहिनी, दुसरे आप्पा. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, विकास सोसायटीचे माजी अध्यक्ष, भावकीतले सगळ्यात वडीलधारे. त्यांच्यासमोर वहिनी कधी खुर्चीत बसली नव्हती. ते ओट्यावर आले की ती आत जायची आणि चहा दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायची. सरपंच असतानाही यात बदल झाला नव्हता. ग्रामसभेतही ते आले की ती उभी राहून बोलायची.

ठरलेल्या दिवशी सकाळी साहेब पिठाचा मोठा स्टीलचा डबा घेऊन आले. रांजणगावच्या एका वेल्डरकडून त्याच्या झाकणाला फट पाडून घेतली होती. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरलेल्या होत्या. नारळ फुटलेला होता. आप्पांच्या गळ्यात हार होता आणि चहा फिरत होता.

सोसायटीचे एक संचालक साहेबांना सामोरे गेले. “डबा गाडीतच राहू द्या, साहेब. तुमचं काम सोपं केलं. बिनविरोध झाली.”

“म्हणजे?”

“म्हंजी एकमत. आप्पा जिल्हा परिषदेला, वहिनींना तालुक्याची महिला आघाडी. काल बसून मिटवलं.”

“पण मतदान?”

“मतदान कशाला? मतदान म्हंजी गावात फूट. बिनविरोध झाली म्हंजी गाव शाणं.”

त्यात कुणाची लबाडी नव्हती. आमच्या भागात बिनविरोध निवडणूक ही निवडणुकीतली सगळ्यात वरची पायरी समजतात. बिनविरोध झालेल्या गावाचं कौतुक होतं, अधिकारी सत्काराला येतात. साहेबांनी सगळ्यांना निवडणूक घ्यायला सांगितली होती. गावानं त्यांचा मान राखायचा म्हणून ती होऊच दिली नाही.

साहेब गोंधळले. गर्दी बघून ते म्हणाले, “आता लोकांचंच एकमत असेल तर…”

वहिनी बायकांच्या रांगेत मागे बसली होती. तिच्या नावाचं काय ठरलं ते तिला तिथेच, सगळ्यांबरोबर कळलं होतं. ती उभी राहिली. डोक्यावरचा पदर तसाच होता. तिची नजर आप्पांकडे नव्हती, डब्याकडे होती.

“आप्पा, मला कुणी इचारलं न्हाई.”

“इचारायचं काय, सूनबाई?” आप्पा शांतपणे म्हणाले. “घरातलंच हाय.”

“घरातलं हाय म्हणूनच म्हणते. घरात इचारत्यात.”

पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी खोकलं. आप्पांचा आवाज चढला. “मी उभा असताना तू माझ्याइरुद्ध मतं मागणार व्हय?”

“मतं न्हाई मागत. डबा ठेवा, एवढंच मागते.”

आप्पांनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला आणि ते हसले. त्यांना स्वतःबद्दल शंका नव्हती. “ठेवा रं डबा,” ते म्हणाले. “तिची बी हौस फिटू द्या.”

मतदान दुपारनंतरही चाललं. चिठ्ठीवर एक नाव लिहायचं आणि डब्यात टाकायचं. पहिली पाळी सुटून रांजणगावची कंपनीची बस गावात आली, तेव्हा पोरं गणवेशातच शाळेकडे वळली. बस चालवणारे चाचा आमच्याच गावचे. त्यांचं घर मशिदीच्या आळीत, पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्यांनी खिडकीतून ओरडून विचारलं, “माझं बी मत हाय, का नुसता हॉर्न वाजवू?”

“आधी मत टाका, मग वाजवा!” रांगेतून उत्तर आलं.

मोजणी निवृत्त गुरुजींनी केली. ते बौद्धवस्तीतले. गावातल्या निम्म्या मतदारांना अक्षरं त्यांनीच शिकवली होती, त्यामुळे कुणाचंही अक्षर त्यांना अडलं नाही. त्यांनी प्रत्येक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचली. वहिनी थोड्या मतांनी जिंकली.

आप्पा म्हणाले, “पुन्हा मोजा.”

गुरुजींनी पुन्हा मोजलं, तितक्याच मोठ्यानं. आकडा तोच आला. आप्पांनी टोपी घातली आणि समोरचा चहा न घेता गेले. त्यानंतर त्यांचं आमच्या ओट्यावर येणं बंद झालं. त्यांच्याकडे नातीचं बारसं झालं तेव्हा आम्हाला निरोप आला, पण बोलवायला माणूस आलं नाही. भावकीत या दोन्हींतला फरक सगळ्यांना कळतो.

पिठाच्या डब्याचा फोटो आमच्या दैनिकात छापून आला. तिथून पक्ष वर चढला. दोन्ही तालुक्यांतल्या गावांतून डब्याला मागणी आली आणि डबा साहेबांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून फिरू लागला. त्या दोन महिन्यांत मोठ्या पक्षांची माणसं खरोखर घाबरली होती, हे मी स्वतः पाहिलं आहे. एका तालुकाध्यक्षांनी मला फोन करून विचारलं होतं, “तो डबा आज कुठं हाय?”

पक्ष पडला तोही त्या डब्यामुळेच. जिथे डबा गेला तिथे एक जिंकला आणि दोघे-तिघे हरले. पुण्यामुंबईला तिकीट वाटलं की हरलेला माणूस वरच्यांना शिव्या देतो आणि गावात ताठ मानेनं फिरतो. इथे त्याला त्याच्याच भावकीनं, शेजाऱ्यांनी, मेव्हण्यांनी नाकारलेलं होतं आणि तेही मोठ्यानं मोजून. असा माणूस त्या पक्षात दुसऱ्या दिवशी कसा बसणार? बहुतेक जण त्याच आठवड्यात दुसरीकडे गेले, जाताना आपली माणसं घेऊन गेले. सभासद झालेली गावं त्यांच्या मागे गेली. तिथेही ती सभासद होतीच. जितकी गावं डब्यानं जिंकली तितकी पक्षानं गमावली. अर्ज भरायची वेळ आली तेव्हा गटागटांत पक्षाच्या उमेदवारासमोर पक्षाचाच बंडखोर उभा होता. आमच्या गटात आप्पांनी अर्ज भरला. पक्षाची नोंदणी तोवर पूर्ण झालेली नव्हती, म्हणून कागदावर सगळेच अपक्ष होते. वहिनीही आणि आप्पाही.

मग शिरूरला पत्रकार परिषद झाली. साहेबांनी एका मोठ्या पक्षात विलीन होत असल्याचं जाहीर केलं. त्यांना संघटनेत एक पद मिळालं होतं. बदल्यात अमेरिकावाल्यांचे उमेदवार माघार घेणार होते. मी बातमी दिली. तिच्यात विशेषण घालण्यासारखं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आमच्या घरी आले. बूट उंबऱ्याबाहेर काढले, सतरंजीवर बसले. माझ्या भावाला तोवर बरेच फोन येऊन गेले होते. प्रत्येक फोन त्यानं “तिला इचारा” म्हणून वहिनीच्या हातात दिला होता. साहेबांनाही त्यानं तेच सांगितलं आणि तो गोठ्याकडे गेला.

“ताई, मोठ्या उद्दिष्टासाठी कधी कधी थांबावं लागतं,” साहेब म्हणाले. “पुढच्या वेळी महिला राखीव पडेल. मी शब्द घेतलाय.”

“साहेब, त्या बर्फातल्या पक्षाची माणसं कुठं गेली म्हणाला हुता?”

साहेब पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवू लागले.

“घरी गेली म्हणाला हुता,” वहिनीच म्हणाली. “मी घरीच हाय की. हितनं आनखी कुठं जाऊ?”

“तुम्ही एकट्या पडाल. पक्षच राहिला नाही.”

“पक्ष ऱ्हायला न्हाई, पर मतं टाकणारी ऱ्हायली. ती काय विलीन झाली न्हाईत.” मग तिनं आत असलेल्या लेकीला हाक मारली. “साहेबांना चहा आण गं.” साहेबांनी चहा घेतला. चांगला झालाय म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. डबा त्यांनी आमच्याच ओट्यावर ठेवला आणि गेले.

माघारीचा शेवटचा दिवस दौंडच्या तहसील कचेरीत उजाडला. मुदत दुपारी तीनची. आवारात मोठ्या पक्षाच्या गाड्या लागल्या होत्या आणि साहेबही तिथे होते. वहिनी आली होती ती माघार घ्यायला नव्हे. आपल्या नावानं दुसरंच कुणी काही करत नाही ना, ते बघायला आली होती. कार्यकर्त्यांनी तिला गराडा घातला. कुणी ताई म्हणत होतं, कुणी वहिनी, कुणी माझ्या भावाला फोन लावून तिच्या हातात देत होतं. माघारीचा अर्ज एका पोराच्या हातात तयार होता.

तेवढ्यात आप्पा आले. त्यांनाही बोलावलं होतं. दोन्ही अपक्षांनी माघार घ्यायची, म्हणजे लढत सरळ होईल, असा बेत होता. आप्पा कुणाशी न बोलता आत गेले आणि थोड्या वेळानं बाहेर आले. त्यांनी माघार घेतली होती.

कार्यकर्ते खूश झाले. त्यांचा म्होरक्या वहिनीकडे वळला. “बघा वहिनी, आप्पांनी मोठेपणा दाखवला. आता तुम्ही. सही करा, झालं.”

“थांब रं,” आप्पा म्हणाले. “मी माघार कुणासाठी घेतली ते मला इचारलंस का?”

“आपल्या पक्षासाठी, आप्पा…”

“तुझा पक्ष ठेव तिकडं. मी मोजून हरलोय. एकदा न्हाई, दोनदा मोजून. गुरुजी मोठ्यानं वाचत हुते आन् सारं गाव ऐकत हुतं. रागाच्या भरात अर्ज भरला, तो आज काढला. आता हिनंच माघार घेतली तर मी हरलो कुणाला? ह्यांच्या पिठाच्या डब्याला?”

त्यांनी साहेबांकडे बोट दाखवलं. साहेब खाली बघत होते. एक कार्यकर्ता हसला आणि लगेच थांबला.

“ही उभी ऱ्हाणार,” आप्पा म्हणाले. कचेरीच्या भिंतीला लागून एक बाकडं होतं, त्यावर ते बसले आणि शेजारची जागा हातानं झाडली. “सूनबाई, बस हितं.”

वहिनी जागची हलली नाही. इतक्या वर्षांत ती त्यांच्यासमोर बसली नव्हती, शेजारी बसणं तर दूरच.

“बस म्हणतोय न्हवं. तीन वाजूस्तर हितनं उठायचं न्हाई. मी बी उठत न्हाई. बघू कोण सही घेतंय ते.”

ती बसली. आप्पांनी मला शेंगदाणे आणायला पाठवलं. मी कागदी पुडी घेऊन आलो तेव्हा दोघं बारशाबद्दल बोलत होते. नातीचं नाव कुणी सुचवलं, कुंची कुठून घेतली, असं. गराडा हळूहळू पातळ झाला. तीन वाजता आतून लिपिक बाहेर आला, मुदत संपल्याचं त्यानं सांगितलं आणि दार लावून घेतलं. आप्पांनी टरफलं झटकली. “चला,” ते म्हणाले, “चहा ऱ्हायलाय माझा त्या दिवशीचा, शाळेतला.”

वहिनीला शिलाई मशीन हे चिन्ह मिळालं. तिला शिवता येत नाही. प्रचारभर बायका तिला ब्लाऊज कधी देणार म्हणून विचारत होत्या, आणि ती “मापं देऊन ठेवा” म्हणत होती. प्रचाराच्या रिक्षात पुढच्या सीटवर आप्पा बसायचे. पोरं पाळी सुटल्यावर फिरायची. मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर उमेदवारांची यादी लावली होती. गट सर्वसाधारण, आणि नावांमध्ये एकच बाई. वहिनी त्या यादीपुढे थोडी थांबली, वाचून झाल्यावर रांगेत जाऊन उभी राहिली.

ती निवडून आली नाही. दुसरी आली. आमच्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत पहिली. पक्षाचे बाकीचे सगळे उमेदवार माघारीच्या यादीत गेले होते, त्यामुळे अमेरिकावाल्यांच्या पक्षाला मिळालेली एकूण मतं मोजायची तर ती एकट्या वहिनीची मतं होतात. निकालाच्या बातमीत मी तेवढं एक वाक्य घातलं होतं. ते छापलं गेलं.

डबा अजून आमच्या घरी आहे. सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेलची नावं ठरवायची होती तेव्हा आप्पांनीच तो मागवून घेतला. बिनविरोधचा विषय कुणी काढला तर ते म्हणतात, “आधी मोजा, मग मिटवा.”

परवा ओट्यावर पुन्हा चार माणसं चहाला होती. वहिनीही होती, खुर्चीत. आप्पा समोर होते. तेच गृहस्थ, ज्यांनी तिला सुट्टी दिली होती, म्हणाले, “वहिनी, पुढच्या वेळी महिला राखीव पडली तर तुम्हाला सोपं जाईल.”

“पडली तर दुसरीला उभी करीन,” वहिनी म्हणाली. “शिकेल ती बी. मी ओपनचीच वाट बघते.”